रशीदभाईंची गिटार आणि अर्धा राहिलेला ढावलो

दुपारी मी अंबाडीची भाजी निवडत बसले होते, तेव्हा रशीदभाईंच्या नसीमचा फोन आला. "मावशी, अब्बा गेले." मी विचारलं, "कवा?" तर म्हणाली, "आत्ताच. पण मावशी... दुकानात गिटार वाजून राह्यली." पोरगी दुःखात काहीतरी बोलते आहे असं वाटलं. पण फोनमधून खरंच काहीतरी ऐकू येत होतं. बंद डब्यात मधमाशी अडकल्यासारखं, बारीक, एकसारखं...

रशीदभाई म्हणजे पांढरकवड्याचे, मोटर रिवाइंडिंगवाले, जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणारे. हायवेला लागून दुकान, मागं घर. आमच्या भागात विजेची गिटार पहिल्यांदा वाजवली ती त्यांनी, आणि ती बाजारातून आणलेली नव्हती बरं का! सागवानाची फळी घेतली, आणि पाण्याच्या मोटरीत भरतात ती तांब्याची बारीक तार लोहचुंबकावर हजारदा गुंडाळली. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले बिघडलेले टेप दुरुस्तीला टाकून जायचे, त्यांच्यात कधी कधी विलायती गाण्यांच्या कॅसेटी सापडायच्या. रशीदभाईंना त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण तार कशी रडवायची, हे त्यांच्या बोटांना कळलं. गणपतीच्या मंडपात पहिल्यांदा भोंग्याला जोडून वाजवली तर एक म्हातारा उठून म्हणाला, "अबे बंद करा, मशीन रडून राह्यली!" आज मात्र आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही लग्नातला गिटारवाला बघा, बोरी अरबचा असो की बाभुळगावचा, तार ओढून तशीच थरथरवतो. कोणाकडून शिकला ते त्यालाही ठाऊक नसतं.

त्यांचा एक रिवाज होता. त्या गोऱ्या गिटारवाल्यांपैकी कोणी वारल्याचं रेडिओवर किंवा पेपरात आलं, की हातातली मोटर बाजूला ठेवायची, शटर अर्धं खाली ओढायचं आणि त्याची कॅसेट लावायची. मधे बंद करायची नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही. एकदा मीच म्हटलं, "रशीदभाई, तो कोण, कुठला! तुमचा का मामा लागतो?" तर हसले नाहीत. म्हणाले, "शेवंता, मेलेल्याचं गाणं अर्ध्यात तोडू नये. मंग तो ना इथचा राह्यत, ना तिथचा."

मी त्यांच्या गाण्याच्या पार्टीत गायला लागले तेव्हा आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात फार बोलणी खाल्ली. ते असो. एकदा दुपारी दुकानातच आम्ही ढावलो रेकॉर्ड करायला बसलो. आमच्यात नवरी सासरी निघताना रडत रडत गाते, तो ढावलो. गिटारवर ढावलो कोणी कधी ऐकला नव्हता, पण जुळला हो! अंगावर काटा आला. आणि अर्ध्यात लाइट गेली. संध्याकाळी घरी जाऊन मी हौसेनं याडीला, म्हणजे माझ्या आईला सांगितलं. तिच्या हातातली भाकर तव्यातच करपली. "नवरीचा ढावलो पुरा झाला की बैल जुंपतात आणि ती निघते, ठाऊक आहे ना? नवरी सोडून दुसऱ्या कोणासाठी पुरा केलास, तर तोच माणूस जगातून निघेल." मी घाबरले. तो पुढं कधी गायलाच नाही. त्या अर्ध्या कॅसेटच्या नकला ट्रकांमधून कुठवर गेल्या देव जाणे, पोरं त्यांच्यावरून गिटार शिकली. रशीदभाईंना मी याडीचं बोलणं सांगितलं होतं, ते मात्र भेटले की चिडवायचे, "शेवंता, तुया नवरीचे बैल म्हातारे होऊन राह्यले ना!"

शेवटचं भेटले तेव्हा ते खाटेवर होते. छातीचं दुखणं. अंगावर मांस उरलं नव्हतं, बोटं तेवढी चादरीवर चालत होती. म्हणाले, "आता पुरा कर."

"आधी बरे व्हा, मंग गाते."

"बरं होऊन कायले ऐकू?"

मी उठून आले. मला वाटलं, नाही गायले म्हणजे धरून ठेवलं. आणि खरंच राहिले हो ते... अन्न नाही, बोलणं नाही, तरी दिवसामागून दिवस. डॉक्टर नसीमला म्हणाले, कशावर टिकून आहेत कळत नाही. मला कळत होतं. तरी मी गेले नाही. हा माझा गुन्हा, तो इथं लिहून ठेवते.

चाळिसावा झाला आणि नसीम स्वतः मला घ्यायला आली. डोळ्यांखाली काळं. "रोज दुपारी वाजते, मावशी. दुकानात बसवत नाही." पूर्वी दारावरून ट्रक गेले की भिंतीवर टांगलेल्या गिटारच्या तारा घुमायच्या, ते मीही ऐकलं होतं. पण आता ट्रक बायपासनं जातात. दारावरून जातात त्या सायकली आणि शेळ्या. "अब्बा निघालेच नाहीत," नसीम म्हणाली. "तुमी पुरा करा. हात जोडते."

मी गेले. तिनं ती जुनी कॅसेट टेपमध्ये घालून ठेवली होती. माझा कोवळा आवाज आला, लाइट गेली तिथं तुटला. मी बंद करायला हात पुढं केला, तर नसीमनं धरला. पुढं गिटार होती. मागाहून केव्हातरी एकट्यानं बसून रशीदभाईंनी उरलेला ढावलो शेवटपर्यंत वाजवून ठेवला होता, आणि माझ्या ओळींच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. मी कुठं श्वास घेते तेवढीसुद्धा जागा. त्या जागेत नुसती टेपची सरसर. कोणी तोंडाकडं बघत थांबावं तशी...

मी गायले. आवाज फाटका झालाय आता, पण गायले. पहिली ओळ सुटली आणि भिंतीवरच्या तारा माझ्याबरोबर घुमायला लागल्या. नसीमनं ओढणी तोंडात कोंबली. मी थांबले की तारा थोडा वेळ पुढं चालायच्या, मग टेपमधली गिटार त्यांना धरायची. दोन्हीकडून रशीदभाईच वाजवत होते... शेवटच्या ओळीला मात्र फक्त माझा आवाज होता. भिंत गप्प. कॅसेट संपून खटका पडला तेव्हा आम्ही दोघी दचकलो.

आठ दिवसांनी नसीमचा फोन आला. मला वाटलं, पोरगी आता निवांत झोपत असेल. ती रडत होती. म्हणाली, "आज एक ट्रक रस्ता चुकून आत आला, मावशी. दुकानाच्या दारात उभा आहे. भिंत हालून राह्यली, पण तार हालत नाही. मी हात लावून पाह्यला... अब्बा खरंच गेले. काहून पुरा केला तुमी?"

मी फोन कानाला तसाच धरून बसले. पलीकडं ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं, आणि त्याच्यामागं काहीच नव्हतं.