रविवारचा पाठलाग

आमच्या जीपचा डिझेल पंप खराब झालेला नव्हता. तो खराब झालाय असं मी पप्पांना सांगितलं, आणि फिटरलाही तसंच सांगायला लावलं. त्यानंतर कितीतरी महिने मी दर रविवारी दुपारी त्यांच्या शेजारी बसून गाड्यांच्या पाठलागाचे जुने इंग्रजी सिनेमे बघत होतो. माझ्या आयुष्यातले इतके चांगले रविवार मला दुसरे आठवत नाहीत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक लपवून दुसरी सांगायची म्हटलं तर माझा हात चालत नाही.

पप्पा वडापचे, म्हणजे शीट भरून धावणाऱ्या खासगी गाडीचे, ड्रायव्हर. श्रीरामपूर ते नेवासा काळी-पिवळी जीप त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवली. वय झाल्यावर परमिट सोडलं, जीप पांढरी रंगवून घेतली आणि बेलापूरला घरासमोर उभी केली. पण उभी म्हणजे फक्त रात्रीची. रविवारी चर्चला निघाले की गल्लीतली सगळी म्हातारी माणसं तीत चढायची आणि पप्पा जुन्या सवयीनं म्हणायचे, "सरका जरा, अजून एक शीट बसतंय." एकदा पाळकसाहेबच मागे अर्धे बाहेर लोंबकळत आले होते.

मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. आठवडाभर तिथं खोलीवर राहतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. आई गेल्यापासून घरी पप्पा आणि माझी बायको.

अशाच एका शनिवारी पप्पा मला श्रीरामपूरच्या स्टँडवर न्यायला आले. परतताना डाव्या बाजूनं एक मोटारसायकल आली. मला ती लांबून दिसत होती. पप्पांना ती दिसलीच नाही. गाडीला घासून तो माणूस पडला. लागलं नाही त्याला, पण तो उठून पुष्कळ बोलला. पप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर मला विचारलं, "ह्यो कुठनं आला रं?"

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. पप्पा शेजारच्या खोलीत डोळ्यांत औषध घालून बसले होते तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "समोरचं नीट दिसतं त्यांना, बाजूचं जवळजवळ गेलंय. यापुढं गाडी चालवू देऊ नका. तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो.

मी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर पप्पांनी विचारलं, "काय म्हणला डॉक्टर?" मी म्हणालो, "थेंब घालायचे रोज. बाकी काही नाही." ज्या माणसानं मला गाडी शिकवली त्याला 'आता स्टिअरिंग सोडा' म्हणायला माझी जीभ वळली नाही. दुसऱ्याच दिवशी मी फिटरकडे गेलो. तो पप्पांच्या हाताखाली गाडी धुता धुता कामाला लागलेला. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"दादा, त्यांना खरं सांगा ना तुमी. मला न्हाई जमायचं हे."

"जमव. माझ्यासाठी."

तपासायला म्हणून त्यानं पंप काढून नेला आणि नंतर येऊन सांगितलं की पंप आतून गेलाय, या जुन्या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. बोलताना तो पप्पांकडे बघत नव्हता, जीपच्या चाकाकडे बघत होता.

मला वाटलं होतं पप्पा चिडतील, दोन दिवस कुरकुरतील आणि विसरतील. ते चिडले नाहीत. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "चूक माझीच हाय. डिझेलचा फिल्टर बदलायचा राहिला हुता. आज बदलू, उद्या बदलू केलं. पंप मीच खाल्ला." इतकी वर्षं ज्या गाडीचा नट कधी सैल राहू दिला नाही, ती आपल्या आळसानं बंद पडली असं त्या माणसानं मनाला लावून घेतलं. मी समोर उभा होतो. आणि मी त्यांना तसंच समजू दिलं.

सिनेमे सुरू झाले ते यातून. खरं तर माझं मन मला खात होतं म्हणून. पप्पा रविवारी चर्चमधून दुसऱ्याच्या रिक्षानं यायचे, जेवायचे आणि खिडकीतून बंद जीपकडे बघत बसायचे. ते बघवेना, म्हणून मी मोबाईल टीव्हीला जोडला आणि एक जुना पाठलागाचा सिनेमा लावला. अशा सिनेमांचं वेड मला त्यांनीच लावलेलं. मी शाळेत असताना वडापच्या फेऱ्यांमधून सवड काढून ते मला व्हिडिओ सेंटरला न्यायचे. तिथं जमिनीवर मांडी घालून आम्ही दोघं धुरळा उडवणाऱ्या लांबलचक मोटारी बघायचो. त्यांना त्यातलं इंग्रजी कळायचं नाही, मलाही नाही. कळायची गरज नव्हती. एक माणूस पुढं पळतोय, दुसरा मागं लागलाय.

आता खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर ओढून ते बसले. डोंगरातली वळणं, एक लाल मोटार, तिच्या मागं दोन काळ्या. पप्पा पुढं वाकून पडदा न्याहाळू लागले. मग म्हणाले, "मागं सगळं रिकामं हाय की."

"काय रिकामं?"

"गाडी. एक शीट न्हाई मागं. गाडी भरल्याबिगर निघालाच कसा ह्यो?"

माझी बायको भांडी आवरताना हसली. "पप्पा, त्याच्या मागं मारेकरी लागलेत."

"पोरी, आमच्या मागं आरटीओ लागायचा. तरी आमी चार शीट भरूनच पळायचो."

त्या दिवसापासून पाठलाग बघण्यातली माझी मजा दुप्पट झाली. प्रत्येक सिनेमात कुठंतरी फळांची गाडी उलटतेच. पप्पा संत्री घरंगळायला लागली की अस्वस्थ व्हायचे. "त्या फळवाल्याचं कोण भरून देणार? त्याचं पुढं काय झालं ते दावीत न्हाईत." आम्ही दोघं मग सिनेमा संपेपर्यंत त्या फळवाल्याची वाट बघायचो. तो कधीच परत आला नाही. हिरोनं गाडी हवेत उडवून पुलापलीकडे आदळली की पप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर दाबायचे, जणू दणका त्यांच्याच कमरेत बसला. "स्प्रिंगचे पाटे गेले," ते म्हणायचे. गाडी तशीच पुढं सुसाट निघायची. "न्हाई गेले. सिनेमाचे पाटे चांगले असतात."

कधी पडद्याच्या कडेनं एखादी मोटार अचानक आडवी घुसायची. मला ती आधी दिसायची, पप्पांना ती मध्यावर आल्यावर. ते दचकून म्हणायचे, "ह्यो कुठनं आला?" मी टीव्हीकडेच बघत राहायचो.

पाठलागाचे चांगले सिनेमे संपत आले तसे मी प्रवासाचे लावायला लागलो. यात कोणी कोणाच्या मागं नसतं. माणसं जुनी गाडी काढतात आणि लांब निघतात. ढाब्यासारख्या कुठल्या ठिकाणी खातात, भांडतात, परत गाडीत बसतात. मला भीती होती की पप्पांना कंटाळा येईल. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्यांना जायचंय कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं फिरायला निघालेत."

"भाडं नसताना?"

"हो."

 एवढी वर्षं पप्पांनी गाडी चालवली, पण श्रीरामपूर ते नेवासा आणि नेवासा ते श्रीरामपूर. ज्या रस्त्याला दुसऱ्या टोकाला कोणी वाट बघत नाही, अशा रस्त्यावर ते कधी गेलेच नव्हते. पुढं पुढं त्यांना हेच सिनेमे जास्त आवडू लागले. सरळ लांब रस्ता दिसला की खुर्चीत मागं टेकून बसायचे, उजवा पाय आपसूक पुढं सरकायचा. एकदा दोन म्हातारे भाऊ समुद्र बघायला निघतात असा सिनेमा होता. तो संपल्यावर म्हणाले, "आपून बी जाऊ असं. गाडी नीट झाली की. माळशेज उतरून पार पाण्यापोतर. तू नुसता शेजारी बस, चालवतो मी."

मी हो म्हणालो. आणखी एक खोटं.

बायको मला त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "उपासनेत सगळ्यांबरोबर पापांची कबुली मोठ्यानं म्हणता. ज्याच्याजवळ म्हणायची तो माणूस घरात खुर्चीवर बसलाय." मला राग आला, कारण ती बरोबर होती. दर रविवारी सकाळी मी ते शब्द म्हणायचो, दुपारी सिनेमा लावायचो, आणि मनाला सांगायचो की मी त्यांच्यासाठी काहीतरी करतोय. काहीतरी करतच होतो. पण त्यांना द्यायचं ते सोडून दुसरंच देत होतो.

मग तो रविवार आला. आम्ही पुन्हा एक जुना पाठलाग लावला होता. मधेच पप्पांचा फोन वाजला. ते उठून ओट्यावर गेले, मोठमोठ्यानं बोलले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला व्हिडिओ सेंटरच्या दिवसांतला वाटला.

"थांबीव जरा," ते म्हणाले. मी सिनेमा थांबवला. पडद्यावर एक मोटार पुलावरून उडालेली तशीच हवेत राहिली.

"पंप घावला," पप्पा म्हणाले. "माझा जुना जोडीदार पुण्याला असतो, त्यानं जुन्या बाजारात हुडकून काढला. तुला म्हणलो न्हाई, काम व्हतंय का न्हाई म्हणून. उद्या सकाळच्या एसटीनं जातो नि घेऊन येतो. ह्या टायमाला फिल्टर मी सोता बदलणार. परत चूक न्हाई करायचो."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्याच्यानं पुढं खोटं उभं करवेना.

"पप्पा, पुण्याला जाऊ नका. पंप चांगला आहे."

"कुठला पंप?"

"आपला. फिटरकडं पोत्यात गुंडाळून ठेवलाय. मी त्याला काढायला लावला. त्याचा काही दोष नाही, तो नको म्हणत होता. डॉक्टर म्हणाले होते तुम्हाला बाजूचं दिसत नाही, गाडी चालवू देऊ नका. ते तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही."

पप्पा खुर्चीवर बसले. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

"नि फिल्टर?" त्यांनी विचारलं.

"फिल्टरचा काही संबंध नव्हता."

"म्हंजी गाडी माझ्या हातनं न्हाई गेली."

"नाही पप्पा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते डोळ्यांबद्दल विचारतील, डॉक्टरांबद्दल बोलतील. पण आधी त्यांनी एक लांब श्वास सोडला, पाठीवरचं पोतं खाली टेकवताना हमाल सोडतो तसा. मग डोळे उघडून माझ्याकडे सरळ बघितलं. समोरचं त्यांना नीट दिसतं.

"डोळ्याचं तू मला सांगायचं हुतं. मी काय ल्हान पोर हाय? चार दिवस शिव्या दिल्या असत्या तुला, नि चावी दिली असती. पर तू मला माझ्याच गाडीचा गुन्हेगार करून बसीवलं."

 मी खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसलो, लहानपणी सिनेमा बघायला बसायचो तसा, आणि त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"तुम्ही कधी चुकला नव्हता, पप्पा. फिल्टरनं काही बिघडलं नव्हतं आणि गाडीही तुमच्यामुळं बंद पडली नाही. मी भ्यालो, आणि माझं भ्यालेपण तुमच्या माथ्यावर टाकलं. पंप मी उद्याच रजा टाकून बसवून घेतो. समुद्रापर्यंत गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा आणि मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. चुकलं माझं. मला माफ करा."