सांगून ठेवलेली भेट

आमच्या नागपुरात कुठलंही काम आधी सांगून ठेवल्याशिवाय होत नाही, अशी लोकांची पक्की समजूत आहे. दवाखान्यात जायचंय, कंपाउंडरला सांगून ठेवा. पोरीची ॲडमिशन आहे, ऑफिसातल्या बाबूला सांगून ठेवा. साडीला फॉल लावायचा असला तरी कोणीतरी म्हणणारच, थांबा, मी सांगून ठेवतो. यात माया असते, हे मला मान्य आहे. पण मी जे काम शिकवते त्यात ही माया नडते, आणि ते विद्यार्थ्यांच्या डोक्यात उतरवताना माझा आवाज चढतो. चढू दे.

मी नैराश्यावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बघणारी थेरपी, करणारे थेरपिस्ट तयार करते. सीताबर्डीत एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचा वर्ग भरतो. नैराश्यात मन निकाल आधी देऊन टाकतं आणि पुरावा कधी मागत नाही. आमचं काम म्हणजे पेशंटला सोबत घेऊन तो पुरावा मागायचा. गोड बोलून नाही, माणसाला बाहेर पाठवून. काय होईल असं वाटतं ते आधी सांगायचं, मग जायचं, मग खरंच काय झालं ते येऊन सांगायचं. याला आम्ही प्रयोग म्हणतो. मी हे चांगलं शिकवते. हे मीच सांगते, कारण बॅचमधले लोक मला घाबरून काहीच सांगत नाहीत.

एका हिवाळ्यातल्या बॅचमध्ये हुडकेश्वरची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीतली, संसारी बाई. पेशंटच्या आधी हिचेच डोळे भरायचे. पेशंटला सोडायला ती पार रस्त्यापर्यंत जायची. मी तिला ‘मावशी’ म्हणून चिडवायचे.

तिची पेशंट होती चाळिशीतली, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, पण काही महिन्यांपासून रजेवर. ओळख पटेल असं इथे मी काही ठेवलेलं नाही. तिचं म्हणणं एकच होतं: मी सगळ्यांना ओझं झाले आहे. हे वाक्य मी पुष्कळ जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि दरवेळी मी सावध होते. स्वतःला ओझं समजणारं माणूस एखाद्या दिवशी सगळ्यांना मोकळं करून टाकायचा विचार करू शकतं. म्हणून ही समजूत तपासली जाणं, आणि नीट तपासली जाणं, फार गरजेचं होतं.

तिची एक लहानपणची मैत्रीण होती. दोघी एकाच वस्तीत वाढलेल्या, विहारातल्या शिकवणीला एका सतरंजीवर बसलेल्या. मैत्रीण आता घरीच शिवणकाम करायची. भांडण वगैरे काही नव्हतं, हिनेच तिचे फोन उचलणं बंद केलं होतं. तर ठरलं असं की न कळवता तिच्या घरी जायचं. काय होईल, असं विचारल्यावर पेशंट म्हणाली होती, "तोंडावर हसन अन् मनात म्हणन, आली डोक्याले ताप."

पेशंटच्या परवानगीने सत्रं रेकॉर्ड होतात आणि मी ती त्या त्या विद्यार्थ्यासोबत बसून ऐकते. भेटीनंतरचं रेकॉर्डिंग घेऊन माझी विद्यार्थिनी आली ती खुशीतच. "मॅडम, प्रयोग एक नंबर झाला," म्हणाली.

मी ऐकू लागले. मैत्रिणीने दारातच मिठी मारली, आत नेऊन बसवलं, समोर गरम सांबारवडी ठेवली, मशीनवर कापड टाकून दुपारभर जवळ बसून राहिली. पेशंट हे सगळं तक्रार केल्यासारखं सांगत होती. मग म्हणाली, "सांबारवडी काय पाच मिन्टात होते? सांबार निवडा, धुवा, वाळवा, मग पारी लाटा, तळा. तिले कसं माहीत पडलं मी येऊन राहिली म्हणून?"

कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि तिची वडी करायला अर्धा दिवस जातो हे नागपुरातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.  रेकॉर्डिंगमध्ये त्यावर लगेच माझ्या विद्यार्थिनीचा आवाज आला: "बरं, झोप कशी आहे या आठवड्यात?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "कोणी सांगितलं तिला?"

"मीच, मॅडम. माझे ब्लाउज तिच्याचकडे असतात शिवायले. मी फक्त एवढंच म्हटलं का तुमची मैत्रीण येणार आहे, बरं नाही तिले, जरा नीट बोलजा."

"काहून?"

"मले भेव वाटलं. बिचारी एवढी हिंमत करून जाऊन राहिली, अन् तिनं दारातूनच कटवलं तर?"

मी चिडले. पेशंटची गोष्ट बाहेर बोलणं हा आमच्या कामात गुन्हा आहे, आणि त्याबद्दल मी तिला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. ती रडली, मी थांबले नाही. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. "तिला पुरावा हवा होता," मी म्हटलं, "तो तू दिलास. आपल्याशी नीट वागायलाही लोकांना आधी सांगून ठेवावं लागतं, याचा पुरावा."

"आता काय करू?"

"सांग तिला. पुढच्या सत्रात, बसल्याबरोबर."

"ती पुन्हा येणारच नाही, मॅडम. तुम्ही एकदा तिच्याशी आधी बोलून घेता काय? मग मी..."

"म्हणजे आता तुझ्यासाठी मी सांगून ठेवू?"

तिला हसू आलं नाही. मला थोडं आलं. फोन करावा असं मलाही वाटत होतं, आणि तरी मी केला नाही. खरं ऐकायची ताकद पेशंटमध्ये असते, यावर माझा विश्वास आहे आणि त्याच्या भरवशावर मी इतकी वर्षं हे काम करते आहे. फक्त त्या सत्राच्या वेळी मी शेजारच्या खोलीत बसून राहिले, गरज पडली तर आत जाता यावं म्हणून.

पेशंट भडकली. "मी तुम्हाले सांगितलं होतं, तिले नाही," हे मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं. इतक्या महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. माझ्या विद्यार्थिनीने सारवासारव केली नाही. चुकलं म्हणाली आणि ऐकत राहिली. वेळ संपायच्या आधीच पेशंट उठून गेली. संध्याकाळी ती घरी पोचली का, एवढं विचारायला मी विद्यार्थिनीला फोन करायला लावला. "पोचली," म्हणून पेशंटने फोन ठेवून दिला. त्या दिवशी मला माझ्या विद्यार्थिनीचा अभिमान वाटला, आणि तो मी तिला बोलून दाखवला.

पुढच्या आठवड्यात पेशंट आपल्या वेळेला आली. ते रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी त्याच दुपारी ऐकलं. ती पुन्हा मैत्रिणीकडे जाऊन आली होती. एका सकाळी, कोणालाही न सांगता, आम्हालाही नाही. मैत्रीण दारात आली ती डोक्याला तेल थापलेली, खांद्यावर टॉवेल. "आली काय वं? बस. कुकर लावला आहे, शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजो, मी आंघोळ करून येतो." आणि गेली. चहा नाही, पाणी नाही. आंघोळ करून आली तर हिच्या मांडीवर एक ब्लाउज टाकला अन् म्हणाली, "हुक लाव. गिऱ्हाईक येऊन राहिलं."

"मग तुम्हाला काय वाटलं?" माझ्या विद्यार्थिनीने विचारलं.

"काही नाही. हुक लावले." मग पेशंट म्हणाली, "पण मॅडम, मी ओझं असती, तर तिनं मले कामाले लावलं असतं काय?"

 त्यापुढे रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ फक्त पेशंटचं रडणं आहे, आणि मध्ये न पडता माझ्या विद्यार्थिनीने ते होऊ दिलं.