रुमालाखालचं उत्तर

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी राणीसावरगावच्या बाजारात होतो आणि माझा उजवा हात रुमालाखाली एका दलालाच्या हातात होता. आमच्या शेळ्या-मेंढ्यांच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती कितीही माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. मी डाव्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडून त्याची बायको, सुनंदावहिनी. त्या एवढंच म्हणाल्या, "सोपानभाऊ, डॉक्टर गेले." दलालानं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय झालं शेठ? सौदा मोडायचा का?" मी म्हणालो, "न्हाई. दाब." सौदा पुरा केला, बकऱ्या टेम्पोत चढवल्या आणि मगच आमच्या गावाच्या, झरीच्या रस्त्याला लागलो. याला आता दीड-दोन महिने होतील. कुणी मला दगड म्हणालं तर म्हणू दे. त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. माझं एक उत्तर त्याच्याकडे होतं आणि तो ते घेऊन निघून गेला होता.

झरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो बौद्धवाड्यातला, मी शेळ्या राखणाऱ्याच्या घरचा. पुढच्या बाकावर दोघांनाही कुणी बोलावलं नाही, म्हणून शेवटचा बाक आमचा. गणितात तो पहिला, मी शेवटून पहिला. बोटांची भाषा मी बापाकडून शिकलो होतो, ती मिलिंदला शिकवली. मग गुरुजी तोंडी हिशेब घालू लागले की बाकाखाली माझा हात त्याच्या हातात असायचा. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा म्हणजे पाच... आणि मी उठून खणखणीत उत्तर द्यायचो. गुरुजी चाट पडायचे. लेखी परीक्षेत मात्र माझी फजिती ठरलेली. "सोप्या, कागदावर माझी बोटं कशी उमटणार?" म्हणून तो हसायचा. पुढे मी शाळा सोडली आणि एका शेळीपासून धंदा उभा केला, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. तो शिकत शिकत डॉक्टर झाला. रुमालाखाली त्यानं मला कधी चुकीचं उत्तर दिलं नाही आणि मागितलेलं कधी नाकारलंही नाही. एक सोडून.

विषबाधेचे रुग्ण हा त्याचा विषय होता. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात तो असायचा. फवारताना अंगात भिनलेलं, चुकून पोटात गेलेलं, कुणी मुद्दाम घेतलेलं, सगळं त्याच्याकडे यायचं. आमच्याकडे पिकावर मारायच्या विषाला 'औषध'च म्हणतात. त्यावर तो चिडायचा. "विषाला औषध म्हणणारी माणसं आपण. मग मी जे देतो त्याला काय म्हणायचं रे?" या रुग्णांना नेहमीच्या इलाजाबरोबर एक महागडं इंजेक्शन द्यावं असं पुस्तकात होतं. नातेवाईक ते आणायला बाहेरच्या दुकानांकडे धावायचे. मिलिंदच्या डोक्यात एकच किडा... त्याचा खरंच उपयोग होतो का? "सगळे देतात म्हणून मी देतो. पण जगला तो इंजेक्शनानं जगला का त्याशिवायही जगला असता, हे कुणाला ठाऊक हाय?" ते शोधायचं त्यानं मनावर घेतलं. नेहमीचा इलाज सगळ्यांना सारखा. त्याशिवाय अर्ध्या रुग्णांना ते इंजेक्शन आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, नर्सला नाही, खुद्द डॉक्टरलाही नाही. बाटलीवर फक्त एक क्रमांक, आणि काम संपेपर्यंत त्या क्रमांकाचा अर्थ बंद.

त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ दत्तू आजारी पडला. शेळ्यांना गोचीड झाली होती, तर यानं कपाशीवर मारायचं औषध बादलीत कालवलं आणि दुपारभर उघड्या हातांनी शेळ्यांना चोळत बसला. सदरा भिजला, तसाच जेवायला बसला. संध्याकाळी तोंडाला फेस, अंगाला धारा लागल्यासारखा घाम. घरच्यांना वाटलं थंडी भरली, म्हणून त्याच ओल्या सदऱ्यावर घोंगडी गुंडाळून त्याला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात मिलिंदचा पहिला प्रश्न, "कपडे काढले का? अंग धुतलं का?" आणि त्यानं स्वतःच्या हातानं दत्तूचा सदरा फाडून काढला.

दत्तूवर इलाज सुरू करून तो मला व्हरांड्यात घेऊन आला. सगळं नीट समजावून सांगितलं. नको म्हणालास तर नेहमीसारखं ते महागडं इंजेक्शनच देतो, त्यात राग न्हाई, हेही म्हणाला. मी व्यापारी माणूस, मिल्याचं काम अडू नये आणि इंजेक्शनही हातचं जाऊ नये म्हणून मी घासाघीस करणारच.

"मिल्या, इंजेक्शनवाली बाटली लाव. काहीतरी हिकमत कर."

"कोणती बाटली कोणती हे मलाच ठाऊक न्हाई."

"अरे, रुमालाखाली निदान दोघांना तरी भाव माहीत असतो. तुझ्या सौद्यात तर कुणालाच न्हाई!"

"म्हणूनच यात कुणाला लबाडी करता येत न्हाई, सोप्या."

हे मला पटलं. लबाडी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी म्हणालो, "काम संपल्यावर सांगशील? माझ्या दत्तूला काय दिलं ते?"

"सांगीन."

"जबान?"

त्यानं हात पुढे केला. मी कागदावर सही केली ती डॉक्टरवर नाही, माझ्या बाकावरच्या मिल्यावर भरवसा ठेवून.

दत्तू वाचला नाही. काही दिवस मशीनवर श्वास घेतला आणि गेला. मिलिंद मसणवट्यापर्यंत आला, माझ्या शेजारी उभा राहिला. त्या वेळी मी काही विचारलं नाही, कारण माझी बोली काम संपल्यानंतरची होती आणि मी बोली पाळतो. पुढे विचारलं की म्हणायचा, अजून रुग्ण यायलेत. मग म्हणायचा, अजून कागद उघडले न्हाईत. एक दिवस कळलं की काम संपलं, निकाल छापूनही आला. मी तडक त्याच्या घरी गेलो.

"इंजेक्शनानं फरक पडत न्हाई, सोप्या," तो म्हणाला. "ज्यांना दिलं आणि ज्यांना न्हाई, सारखेच. लोक उगंच धावत होते."

"मी निकाल न्हाई विचारायलो. दत्तूचं विचारायलो."

"फरकच पडत न्हाई म्हणल्यावर दत्तूचं कळून काय करणार?"

"मग सांगायला काय जातंय तुझं?"

त्यानं चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "इंजेक्शन होतं म्हणालो, तर तू म्हणशील माझ्या इंजेक्शनानं मारलं. पाणी होतं म्हणालो, तर म्हणशील भाऊ मरायला लागला आणि यानं पाणी सोडलं. जे सांगीन ते तुला जन्मभर खात राहील."

"मला काय खायचं ते मी बघीन. तू जबान दिलती."

"दिलती," तो म्हणाला. "आणि मी मोडायलोय."

मी चहाची कपबशी भिंतीवर फेकून बाहेर पडलो. भिंतीवरचा तो डाग वहिनींनी पुसला, पण पुरता गेला नाही.

लोक मला सांगतात की त्याच्या त्या कामानं केवढा फरक पडला. पडला, मी नाकारत नाही. त्याच्या दवाखान्यातली ती धावपळ थांबली. रुग्ण आला की आधी कपडे काढायचे, साबणानं अंग धुवायचं, वेळेवर नेहमीच्या इलाजातलं साधं, स्वस्त इंजेक्शन सुरू करायचं आणि उशाशी बसून राहायचं, हे त्यानं गावोगाव हिंडून सांगितलं. पोखर्णीचा एक फवारणीवाला मीच माझ्या टेम्पोतून नेला होता. तो त्या महागड्या इंजेक्शनाशिवाय उठून घरी गेला. त्याची बायको माझ्या पाया पडायला आली तर मी तिच्यावर खेकसलो. तिचा काय दोष? पण तिचा नवरा जगला त्या शहाणपणात माझ्या दत्तूचं मरण मोजलेलं होतं, आणि ते कोणत्या बाजूला मोजलं हे फक्त मलाच कुणी सांगत नव्हतं.

आमचं बोलणं तुटलं असं नाही. दर जयंतीला तो झरीला यायचा, निळा फेटा बांधून माझ्या ओट्यावर बसायचा. मी विचारायचो, "सांगतोस?" तो म्हणायचा, "आधी चहा सांग. स्टीलच्या पेल्यात सांग, कपबशी नको." मी हसायचो, आणि हसलो म्हणून स्वतःवरच चिडायचो. अशी कितीतरी वर्षं...

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतंय भाऊ, फक्त बोलता येत न्हाई." त्या चहाला आत गेल्या. मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या चालत्या हातावर टाकला आणि माझा हात आत घातला. आजारी माणसाला छळलं असं कुणाला वाटेल. वाटू दे. मी म्हणालो, "मिल्या, इंजेक्शन असंल तर एक बोट दाब. पाणी असंल तर दोन." त्याचे डोळे माझ्यावर होते, अगदी शाळेतल्यासारखे शुद्धीतले. आणि त्यानं माझा अख्खा पंजा धरला. पाच. मी म्हणालो, "पाच असं उत्तरच न्हाई यात. एक का दोन?" त्यानं पुन्हा पंजाच दाबला, आणि या वेळी सोडेचना. वहिनी चहा घेऊन आल्या, आमचे रुमालाखालचे हात बघितले आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बघा, निरोप घ्यायलेत तुमचा." मी हात ओढून सोडवला आणि रुमाल तिथंच टाकून बाहेर पडलो. मी निरोप मागितला नव्हता. मी उत्तर मागितलं होतं.

शोकसभेत एक मोठे डॉक्टर म्हणाले की मिलिंदच्या संशोधनाला रुग्णांनी मोलाची साथ दिली. साथ दिली म्हणे! दत्तू बेशुद्ध होता, त्याला कुणी विचारलं? साथ मी दिली, एका बोलीवर. उठून हे बोलावं असं वाटलं, पण समोर वहिनी बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी पिशवीतून माझा रुमाल काढून दिला. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला. "तुमचा राहिलाता," म्हणाल्या.

तो तसाच टेम्पोच्या कप्प्यात आहे. बाजारात समोरून हात पुढे आला की मी दुसरा रुमाल काढतो. या रुमालाची घडी मी उघडत नाही. त्याच्याखालचा सौदा अजून पुरा झालेला नाही... आणि समोरचा हात तर आता कुठेच नाही.