खिरीची वाटी

ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नातीच्या शाळेच्या मैदानावर फक्कीचा वास आला आणि अमरावतीतलं शिक्षकांचं ते प्रशिक्षण धुक्यातून यावं तसं समोर आलं. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात आम्ही सारे फक्कीच्या रेघेवर उभे होतो, कडुनिंबाची पानं तरंगत खाली येत होती. वर्गातल्या मुलांना भेदभाव कसा समजवायचा, त्याचा तो खेळ होता. "जातीमुळं कुणाच्या घरचं खाणं टाळलं असेल, त्यांनी एक पाऊल मागे या," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. मी हललो नाही. शेजारी माझ्याच शाळेतले बौद्ध शिक्षक होते. त्यांच्या नव्या घरी त्यांच्या आईनं खिरीची वाटी पुढे केली, तेव्हा मी उपास असल्याचं खोटंच सांगितलं होतं. समोर बघतच ते हळू म्हणाले, "सर, त्या दिवशी उपास कायचा होता?" "सोमवारचा," मी म्हणालो. "इतवार होता सर," ते हसले. मग बाईंनी रेघेवर उरलेल्यांसाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या, आणि शेजारच्या त्या सरांनीही वाजवल्या. निवृत्तीनंतर ते अकोल्याला राहायला गेले. दर दिवाळीला मी फोन करतो, ते "बोला सर" म्हणतात, आणि मी तब्येत विचारून फोन ठेवतो. तुमच्या आईशी मी खोटं बोललो, मला माफ करा, हे अजून म्हणता आलेलं नाही.