डाव्या जाळीतली ऊब

भूतखेत, करणी, झपाटणे या गोष्टींना मी जन्मभर उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. हे आधी सांगतो, कारण त्रिकाळ संध्या करणारा माणूस असे काही लिहू लागला की लोक म्हणतात — यांचे तर कामच आहे ते. तसे नाही. शास्त्राने मला विधी शिकवला, चमत्कार शिकवला नाही. अंगात येते म्हणून कोणी माझ्याकडे आला, तर मी त्याला दवाखान्याची वाट दाखवत असे. पुढची हकीकत इतकी वर्षे कोणाला सांगितली नाही, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण वाचता वाचता कळेल.

आमचे गाव आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. सत्तरचे दशक संपत आले होते. पाठशाळेत अध्ययन पुरे करून मी शाळेत संस्कृत शिकवत असे. घरात आम्ही उभयता, आणि अंगणापलीकडे धाकटा भाऊ विनायक व त्याचे कुटुंब. आम्हाला मूलबाळ नव्हते. होता तो एक अग्नी.

विवाहहोमाचा अग्नी विझू न देता घरी आणावा आणि पुढे पती-पत्नीने मिळून तो आमरण सांभाळावा, असा जुना आचार आहे. त्याला गृह्याग्नी म्हणतात. रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला त्यात तुपाने माखलेल्या तांदळाच्या आहुती द्यायच्या, आणि मधल्या वेळी गोवरी व धानाचे तूस यांखाली तो जिवंत ठेवायचा. दोघांतले जे आधी जाईल, त्याचा देह याच अग्नीने जाळायचा. आमच्या आसपास हा आचार पाळणारे दुसरे घर उरले नव्हते. आमचा अग्नी सव्वीस वर्षांचा होता, आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा वत्सलेने, माझ्या पत्नीनेच, अधिक सांभाळला होता. राखेवर नुसता तळहात धरून आत किती धग आहे हे ती सांगत असे.

त्या वर्षी वैशाखात वत्सलेला पोटाचे दुखणे लागले आणि ज्वर उतरेना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. विनायकाची मोटार होती. चिखल्याच्या खाणीवर त्याचे दोन ट्रक मँगनीज वाहत. तिथल्याच एका बदली झालेल्या साहेबाकडून त्याने ती जुनी काळी गाडी घेतली होती. साहेब पूर्वी डोंगराळ मुलखात राहिलेले, म्हणून गाडीत हीटर बसवलेला. आमच्या भागात त्याचा उपयोग शून्य. विनायक थट्टेने म्हणे, “दादा, पुढच्या जन्मी काश्मिरात गेलो तर कामी येईल.”

निघताना मी अग्नीपाशी थांबलो. पती-पत्नी दोघेही गावाची शीव ओलांडणार असतील तर अग्नी मागे ठेवत नाहीत. मंत्र म्हणत तळहात त्यावर तापवून तो स्वतःमध्ये घेतात आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा उतरवतात. याला समारोप म्हणतात. मी आसन मांडू लागलो. गाडीत वत्सला कण्हत होती. विनायकाने माझा दंड धरला.

“दादा, हे काय करून राहिले? वहिनीला आधी न्या. मी आहे ना. सकाळ-संध्याकाळ आहुती पडेल, शब्द देतो.”

अडचणीच्या काळी भावाने आहुती द्यायला हरकत नाही, असे वचन मी तिथल्या तिथे आठवून काढले. माणसाला हवे तेव्हा वचन सापडते. शास्त्राचा विधी मी भावाच्या शब्दावर सोडला आणि गाडीत बसलो. मागच्या बाकावर वत्सलेला मळमळे, म्हणून पुढे डावीकडे उशा लावून तिला बसवले होते. समोरच्या फळीतल्या, हवा आत येण्याच्या जाळ्यांतून वारा येत होता. वैशाखातला वारा, पण वाराच. जाताना त्या गाडीत आगळे काही नव्हते, हे मी खात्रीने सांगतो.

अकरा दिवस आम्ही दवाखान्यात होतो. विनायक निरोप पाठवी — अग्नी उत्तम आहे, चिंता नसावी. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आता घरी न्या, आणि जमेल तितके थंडाव्यात ठेवा. मला ते समजले. वत्सलेला मी काही सांगितले नाही, पण तिने एवढेच विचारले, “आपला अग्नी आहे ना हो?”

“आहे,” मी म्हणालो. “विनायक आहे तिथे.”

ती स्वस्थ झाली. तिला मरणाची भीती नव्हती. आपल्या अग्नीने आपण जाऊ, एवढाच तिचा आधार होता.

दुपारी देवाजी ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि उतरताच कुरकुरू लागला.

“गुरुजी, पुढच्या डाव्या जालीतून गरम हवा येऊन रायली. परवापासून. बाईले या झावेत कसं न्याचं जी?”

मी हात धरून पाहिला. उजव्या जाळीतला वारा बाहेरच्यासारखा होता, आणि डावीकडचा स्पष्ट ऊन. रुग्णाला तसे नेणे शक्य नव्हते. देवाजीने बसस्टँडमागच्या रहीमभाई मिस्त्रींना बोलावून आणले. थोराड, सावकाश माणूस. त्यांनी मला समजावून सांगितले — इंजिनात तापलेले पाणी दोन रबरी पाईपांतून हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये जाते, त्यावरून वारा गेला की तापतो. वाटेत एक तोटी असते. ती आतून खराब झाली, तर वरून बंद दिसूनही पाणी जात राहते.

“म्हंजे तोटी गेली,” देवाजी म्हणाला. “मागच्या खेपेले तुमी बिरेक बनवला, तं हॉर्न बंद पडला होता.”

“हॉर्न बंद होता म्हणून तं लोकं आठ दिवस सुखानं झोपले,” रहीमभाई बॉनेटमधूनच म्हणाले. “तू पाना दे.”

तोटी त्यांनी काढून पाहिली. ती पक्की बंद होती. तरी संशय नको म्हणून दोन्ही पाईप हीटरपासून सोडवून एकमेकांना जोडून टाकले. आता गरम पाण्याला आत जायला मार्गच उरला नाही. संध्याकाळ झाली होती. इंजिन चालू करून त्यांनी डाव्या जाळीवर हात धरला आणि तसाच ठेवला.

“इंजनचा ताव असन. रातभर थंडी होऊ द्या गाडी,” ते म्हणाले. “सकाळी पायतो.”

सकाळी सूर्य उगवता उगवता ते आले. गाडी रात्रभर दवाखान्याच्या कडुनिंबाखाली उभी होती. बॉनेट गार, रेडिएटर गार, इंजिन सुरूच केलेले नव्हते. मी स्वतः हात लावून पाहिले. रहीमभाईंनी दार उघडले, डाव्या जाळीपुढे हात नेला आणि माझ्याकडे वळून बघितले.

“गुरुजी, इंजन थंडं, पानी थंडं, पंखा बंद. मंग ही हवा कायची?”

मीही हात धरला. मंद, एकसारखी ऊब. पहाटेच्या गारव्यात ती अधिकच जाणवत होती. तिला किंचित वास होता — तूप तापल्याचा, तांदूळ करपल्याचा. मी म्हणालो, आत उंदराने धान नेऊन ठेवले असेल. रहीमभाईंनी हात घालता येईल तितका नळा चाचपला. आत काही नव्हते.

त्यांनी मजुरी घेतली नाही. “जे सापडलंच नाही, त्याचे पैसे कायचे?” एवढे बोलून ते गेले.

थांबायला वेळ नव्हता. वत्सलेला तशीच पुढे बसवले. मी मागून तिच्या खांद्याला आधार देऊन बसलो. गाडी वरठीच्या रेल्वे फाटकाशी थांबली. फाटक बंद होते, देवाजीने इंजिन बंद केले. तेव्हा मला दिसले की वत्सलेने आपला उजवा हात डाव्या जाळीपुढे धरला आहे. तळहात खाली, बोटे जुळवलेली... राखेवर धरी तसा.

“हात घे,” मी म्हणालो. “ऊन हवा आहे ती. ज्वर वाढेल.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “बरं वाटतं.”

ज्वरातला माणूस असे बोलतो, असे मला वाटले. डॉक्टरांनी थंडाव्यात ठेवा म्हटले होते. मी सुरईतले पाणी उपरण्यावर ओतले, ओले उपरणे पुढे वाकून त्या जाळीत कोंबले आणि अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून बसवले. बारीक असा आवाज झाला, तव्यावर थेंब पडावा तसा. मी ऐकला, देवाजीनेही ऐकला.

वत्सलेने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

“गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

तिने तोंड खिडकीकडे वळवले. आंधळगावापर्यंत ते तसेच होते.

घरी पोचताच मी अग्नीपाशी गेलो. राखेखाली निखारा लाल होता. विनायक शेजारी उभा होता.

“खंड नाही ना पडला?”

“नाही दादा,” तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला.

वत्सलेला मी अग्नीजवळ निजवले. राखेवर हात धरून बघ, असे दोनदा सुचवले. तिने मान हलवली आणि भिंतीकडे वळली. मला वाटले, अशक्तपणा. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मडक्यात तो अग्नी घेऊन मी पुढे चाललो आणि त्यानेच तिला चितेवर अग्नी दिला. डोळ्यांत पाणी होते, पण मनाला समाधान होते. तिचा तो आधार मी राखला होता.

तेराव्यानंतर देवाजी भेटायला आला. अंगणात बसला. मी सहज विचारले, “गाडीतली ती गरम हवा अजून येते का?”

“नाही जी. तुमी फडका कोंबला, तवापासून थंडगार.”

“आणि सुरू केव्हा झाली होती?”

“मंगळवारी सांजच्याले. मले चांगलं ध्यानात हाय. विनायकराव चिखल्याहून दोन रोजानं आले, अन् आल्याबरोबर मले म्हणे, देवाजी, काडीपेटी दे. मी बिडीची काडीपेटी देल्ली, अन् गाडी आत घ्याले बसलो, तं...”

तो थांबला. आपण काय बोललो हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे.

“गुरुजी, मले काय मालूम जी,” तो हळूच म्हणाला.

मी अंगण ओलांडून विनायकाकडे गेलो. तो जेवत होता. मी उभाच राहिलो. त्याने एकदा वर पाहिले आणि ताट बाजूला सारले.

“ट्रक अडकला होता खाणीत,” तो म्हणाला. “हिला तुमच्या अग्नीला हात लावायची भीती. परत येऊन पाहतो तर राख गार. दादा, तुमचा जीव आधीच टांगणीला होता. आणखी हे कोणत्या तोंडानं सांगू?”

“मी विचारले होते तुला. दारात विचारले होते.”

“अग्नी तो अग्नीच ना, दादा? काडीचा काय अन् होमाचा काय.”

याचे उत्तर मी त्याला दिले नाही, इथे लिहितो. अग्नी विझणे हे पाप नव्हे. शास्त्र फार क्षमाशील आहे. विझला तर प्रायश्चित्त आहे, पुन्हा सिद्ध करण्याचा विधी आहे, सकाळच्या वेळेत पुरा होणारा. पण त्या विधीला पत्नी शेजारी लागते. वत्सला दोन दिवस त्या खोलीत जिवंत होती. त्याने एक वाक्य खरे सांगितले असते, तर मी तिचा हात माझ्या हातावर ठेवून तो विधी केला असता. त्याने सांगितले नाही, आणि सव्वीस वर्षे अग्नी राखलेली माझी पत्नी बिडीच्या काडीने जळली. त्याचा हेतू दुष्ट नव्हता, हे मी जाणतो. म्हणूनच क्षमा अधिक कठीण गेली. शत्रूने फसवले तर माणूस सावध होतो, भावाने दयेपोटी फसवले तर सावध व्हायलाही जागा उरत नाही. पुढे विनायकाने ती गाडी विकली. त्याच्याशी माझे बोलणे कामापुरते राहिले. तोही आता नाही.

पत्नी गेली की गृह्याग्नी संपतो. कुंड मी नदीत सोडले. उपरणे मात्र ठेवले आहे. देवाजीने ते जाळीतून काढून आणून दिले तेव्हा ते कडक वाळलेले होते. वैशाखात ओले फडके घटकाभरात वाळते, त्यात नवल नाही. त्याला वास होता असे मला वाटले, पण दुःखातल्या माणसाच्या नाकावर मी विश्वास ठेवणार नाही.

काही वर्षांनी भंडाऱ्याला रहीमभाई भेटले. त्यांनी आपणहून विषय काढला. “गुरुजी, चाळीस सालापासून गाड्या पाहून राहिलो. त्या गाडीत गरम व्हायला काहीच नव्हतं.” मी म्हणालो, असेल काहीतरी. ते मान हलवत राहिले. मीही शास्त्रे पुन्हा चाळली. न मांडलेला समारोप आपोआप होतो, मागे सोडलेला अग्नी आपल्या माणसांच्या शोधात निघतो, असे वचन मला कुठेही आढळले नाही. आढळले असते तरी ते मी ओढून लावले असते, अशी मला स्वतःचीच भीती आहे. तेव्हा उत्तर नाही, असेच म्हणतो.

विनायकाला मी पुष्कळ वर्षे दोष दिला. त्याने राख गार होऊ दिली आणि ते लपवले, हे खरे. पण वरठीच्या फाटकाशी सुरईतले पाणी त्याने ओतले नव्हते. हात धरून जी ओळखायची, ती ओळखत होती, आणि मला सांगतही होती — राहू द्या.