धाकटीचं वाक्य

उपड्या माठावर भाजायची लांब रोटी माझ्या धाकट्या जावेला माझ्यापेक्षा पातळ जमते, याचं मला कधी काही वाटलं नाही. मी जळले ते तिच्या एका वाक्यावरून.

पुलगावच्या आमच्या घरी दोघी सुनांचे लॅपटॉप एकाच टेबलावर असतात. पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम इतरांना वापरता यावेत म्हणून त्यांची पॅकेजेस बांधणारं एक फुकट टूल जगभरातली माणसं मिळून सांभाळतात. त्याच्या कमांडला जे पर्याय जोडता येतात, त्यांची माहिती मी कित्येक वर्षं लिहीत आलेय. पगार नाही, पण मान आहे. धाकटीला या कामात मीच ओढलं.

मग एक नवा पर्याय आला. पॅकेज बांधायला जे सामान लागतं, ते हे टूल एरवी दर वेळी वेगळ्या जागी नव्यानं उतरवून घेतं. रोटी खाणाऱ्याला माठ लागत नाही, भाजणारीला लागतो, तसं हे सामान. नवा पर्याय दिला की वेगळी जागा नाही, संगणकावर आहे तेच वापरायचं. मी यावर तीन परिच्छेद लिहिले. ते वाचून धाकटी म्हणाली, “ताई, मले नाई समजलं.” आणि स्वतः एक वाक्य लिहून पाठवलं. माझे परिच्छेद बाजूला पडले, तिचं वाक्य घेतलं गेलं.

माझा नुसता जळफळाट झाला. एका वाक्याचं एवढं काय, असं सासूबाईंनी विचारलं.

खोड काढायचीच म्हणून मी ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि सापडली. हा पर्याय वापरायचा तर सामान आधी आपणच बसवून ठेवावं लागतं, नाहीतर काम मध्येच अडतं. ते तिनं लिहिलंच नव्हतं. ती शेजारीच बसली होती, पण मी ते टूलच्या ऑनलाइन चर्चेत सगळ्यांसमोर जाहीर टाकलं. त्या दिवशी चहासुद्धा मला गोड लागला.

टूल सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं, की मुद्दा अगदी बरोबर आहे, आभार. वाक्य मात्र ज्यांनी आधीचं लिहिलं, त्यांनाच लिहू द्या.

धाकटी खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “बरं झालं ताई, तुमी पाह्यलं. सांगा न, नेमकं काय होते ते?”

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. झाल्यावर मी स्क्रीनवर पाहिलं. मुद्दा माझाच होता, आणि तिच्या दोन ओळींत तो मलाच पहिल्यांदा नीट समजला.