मामा आणि पोपटांचा आरसा

लाकडात कोरलेल्या फुलापानांवर माझ्या मामांइतका दात धरणारा माणूस मालवणपासून शिरोड्यापर्यंत दुसरा झाला नसेल. मुंबईत एका आर्किटेक्टच्या कचेरीत ते पंधरा वर्षं नकाशे काढत होते. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आजोबा वारले, तेव्हा माडांची बाग सांभाळायला ते मालवणला परतले, ते डोक्यात सरळ रेघ घेऊनच. आल्या आल्या त्यांनी घरातल्या नक्षीदार खुर्च्या नातेवाइकांत वाटून टाकल्या आणि फणसाच्या लाकडाचं सगळं सामान नव्याने करवून घेतलं. टेबल म्हणजे एक आडवी फळी आणि दोन उभ्या. कपाटं भिंतीच्या आत, भिंतीच्याच रंगाची. त्यांना मूठ नाही की कडी नाही. मूठ म्हणजे कपाटाच्या नाकावरची पुळी, असं मामांचं मत. मामी ती कपाटं केसांतल्या आकड्याने उघडायची. एकदा कणकवलीचे एक पाहुणे मुक्कामाला होते. सकाळी त्यांना कोट ठेवलेलं कपाटच सापडेना. बिचारे खोलीभर भिंती चाचपत फिरले आणि शेवटी तसेच गाडीला गेले. सुताराने सवयीने एखादा कोपरा गोल केला, की मामा रंधा त्याच्या हातात परत द्यायचे. "लाकूड आसा ह्या, लाडू नाय."

पण कळस होता तो ओटीवरच्या बाकाचा. भिंतीतून सरळ बाहेर आलेली आठ फुटी फळी, खाली काहीच नाही. मामांच्या एकुलत्या मुलीला, शालूला, बघायला बांद्याची मंडळी आली, तेव्हा मुलाचे वडील त्या बाकापुढे उभेच राहिले.

"हेका पाय खंय आसत?"

"भिंतीक पाय नाय, तरी ती उभी आसा मां?" मामा म्हणाले. "मगे बाकाक कित्याक व्हये?"

ते तरी बसेनात. मग मामांनी स्वतः बसून दाखवलं, मला बसवलं, अंगाने चांगले भरलेले आमचे भटजी मध्ये बसवले. आत मामीने देव पाण्यात ठेवले असावेत. फळी हलली नाही. पाहुणे हसले, बसले, आणि लग्न ठरलं.

लग्नाच्या तयारीत शालूने एकच वस्तू मागितली. सावंतवाडीला तिने पाहिलेला, चौकटीवर दोन पोपट कोरलेला आरसा.

"आरसो तोंड बघूक आसता, पोपट बघूक नाय," मामा कडाडले. चार दिवस बाप-लेकीत बोलणं नव्हतं. पाचव्या दिवशी जेवताना शालू खाली मान घालून म्हणाली, "थंय माझ्या वळखीचा कोण आसा, बाबा? पोपट तरी आसांदेत."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन मामांनी सावंतवाडी गाठली. परतताना एसटीत आरसा मांडीवर उभा धरून बसले. वर चादर गुंडाळलेली. पण धक्क्यांनी ती घसरली आणि दोन्ही पोपटांनी चोची बाहेर काढल्या. नेमके गावातले पोस्टमास्तर पुढच्या बाकावर. मामांची सरळ रेघेवरची व्याख्यानं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेली.

"काय हो, पोपट कोणाचे?"

"माझे नाय," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पोचवूक चल्लंय."

लग्न पार पडलं. दिवाळीनंतर मामा पहिल्यांदा लेकीच्या घरी बांद्याला गेले. मी बरोबर होतो. व्याह्यांनी मोठ्या मानाने गादीच्या खुर्चीत बसवलं. शालू बरी दिसत होती, घरात रुळली होती, सासूशी हसून बोलत होती. ती चहा आणायला आत गेली, तसे मामा उठून समोरच्या भिंतीवर टांगलेल्या त्या आरशापाशी गेले. खिशातून रुमाल काढून त्यांनी पोपटाचं एकेक पीस पुसायला सुरुवात केली. शालू कपबशा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"कोरीवकामात धूळ बसता गो," मामा वळून न बघता म्हणाले. "पुशीत जा."

"सकाळीच पुसलंय, बाबा."

"बरा," ते म्हणाले, आणि दुसरा पोपट पुसू लागले.